राफा लिहिलेलं कापड

६ जुलै, रविवार
आज चर्चमध्ये उपासनेत उभा राहून साक्ष दिली. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या पोटातली गाठ परमेश्वराने काढली, असं म्हणालो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. तपासणीचा कागद गुरुवारी मिळणार आहे. पण पाहुणे प्रचारक कानाशी लागले, "मास्तर, कागदाच्या आधी साक्ष द्यायची. त्यालाच विश्वास म्हणतात." टाळ्या पडल्या. माझ्या पाठीमागे भिंतीवर माझंच कापड. यहोवा राफा, खाली कंसात 'बरे करणारा'. दर वर्षी कमिटी देवाचं एक इब्री नाव निवडते आणि मी ते नऊ फुटी मांजरपाटावर रंगवतो. शाळेत चित्रकला शिकवत होतो तेव्हापासून. हल्ली पोरं म्हणतात, फ्लेक्स करा. या वर्षीचं नाव मीच सुचवलं होतं. का, ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

१० जुलै, गुरुवार
नगरला जाऊन आलो. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टर अजून नगर-नगरच ओरडतो.
गाठ यकृतात गेलीय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खाईल ते द्या. सु. बाहेर बाकावर बसली होती. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलली.
रविवारी काय सांगू?

१३ जुलै, रविवार
काहीच सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीत सु.चं नाव घेतलं, मी आमेन म्हणालो. स्वतःची लाज वाटते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
भलतंच झालं. मिरजगावहून एक बाई आल्या, दोन गाड्या बदलून. नवऱ्याची किडनी गेलीय. ते प्रचारक गावोगाव आमची साक्ष सांगत फिरतायत, तिकडून पत्ता काढला. सु. खाटेवर आडवी. बाई सरळ तिच्या पायाशी बसल्या. "तुमची गाठ गेली न्हवं बाई? आमच्या मालकासाटी येक प्रार्थना करा. लई आस धरून आलेय."
मी तोंड उघडणार, तेवढ्यात सु.ने डोळ्यांनी दटावलं. उठून बसली, डोक्यावर पदर घेतला, बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. राफा, राफा म्हणत प्रार्थना केली. बाई रडल्या, चहा घेतला, जाताना पेरूची पिशवी ठेवून गेल्या.
मग मी भडकलो. सांगितलं का नाही तिला? तर म्हणते, "एवढ्या लांबून आल्ती. रिकामी कशी धाडू?"
पण रिकामीच तर धाडली.

७ सप्टें., रविवार
त्या बाईंनंतर आणखी तीन जण येऊन गेले. प्रत्येक वेळी सु. उठून बसते आणि मग दिवसभर कण्हते. हे सगळं माझ्या एका साक्षीने झालं. आता बोललंच पाहिजे.

२१ सप्टें., रविवार
बोललो. साक्षीची वेळ आली तेव्हा उभा राहिलो. म्हणालो, "जुलैत मी सांगितलं ते खरं नव्हतं. गाठ पसरलीय. चार दिवसांनी कळलं होतं, मी लपवलं." पुढेही बोलायचं होतं, पण सगळे खाली बघायला लागले. कमिटीचे सेक्रेटरी दानिएलराव, त्यांनी मध्येच गीत सुरू केलं. सगळे गायले. मीही गायलो, काय करणार.
फाटकाशी दानिएलरावांनी हात धरला. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, पण कुठंतरी विश्वास कमी पडला असंल. जरा तपासून बघा."
घरी येऊन सु.ला सांगितलं. ती हसली. हसताना पोटात कळ आली.

९ ऑक्टो., गुरुवार
आमच्याकडची दर गुरुवारची बायकांची प्रार्थना सलग तिसऱ्या आठवड्यात झाली नाही. सतरंजी घालून ठेवली होती, संध्याकाळी गुंडाळली. आजारी माणसंही येईनाशी झाली. सुटलो म्हणावं, तर घर खायला उठतं.

१६ नोव्हें., रविवार
सु. चमचाभर पेज घेते, तीही ओकते. उपासनेला गेलो नाही.
वडील आम्हाला बोटांच्या पेरांवर देवाची नावं मोजायला शिकवायचे. यिरे पुरवणारा, राफा बरा करणारा, निस्सी आमचा झेंडा, शालोम शांती, रोई बघणारा. मला वाटायचं, जेवढी नावं तेवढी त्याची कामं. आज तिचे पाय चोळता चोळता पेरं मोजली. एकाही नावाने हाक मारावीशी वाटली नाही. सवयीने मारली. कुणी ओ दिली नाही.

१४ डिसें., रविवार
दानिएलराव नवीन कापड ठेवून गेले. नव्या वर्षाला यिरे, ठराव झालाय. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगा. "दुसऱ्याला कुठं येतंय? आन तुमचं अक्षर पायजे लोकांना."
सु. आतून म्हणाली, "लिवा. रंगाचा वास आला की घर भरल्यावानी वाटतं." मी म्हटलं, मग यिरे नको, रोई लिहितो. मालकिणीच्या जाचाने पळालेल्या हागारेला रानात भेटला तो, बघणारा. सु.ने उशीवरून मान वळवली. मग म्हणे, "बघितलं खरं तिला. आन परत त्याच घरी धाडलं."
अंगणवाडीत तीस वर्षं गोष्टी सांगितलेली बाई. तिच्यापुढे आपलं काय चालणार!

२८ डिसें., रविवार
तिला दिसावं म्हणून कापड पुढच्या खोलीत जमिनीवरच अंथरलं. खडूची दोरी मारली, निळा रंग कालवला. 'यहोवा' लिहून झालं. अक्षर चांगलं आलंय, या वयातही हात साफ आहे. मग ब्रश पुढे जाईना.
ती जागीच होती. "थांबलात का?"
"पुढं काय लिहू, तूच सांग."
"मला नका इचारू. मला येकच पायजे व्हतं. ते तुमी मागल्या नाताळात लिवलं."
ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. कापड चार फूट भरलंय, पाच फूट कोरं आहे. परवा दानिएलराव न्यायला येतील.