पांढरा खल

प्रिय धाकटे,

तुझा फोन झाल्यावर आई मला म्हणाली, तिकडे ती प्रबंध संपत आला म्हणून नाचतेय आणि तू एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून का बसलीस? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

तुझ्या तळ्यातल्या गाळाचे नमुने तपासून झाले. पूड तोलायची, अ‍ॅसिड घालायचं, सुटलेल्या वायूवरून कार्बोनेट किती ते काढायचं, मग तोच वायू यंत्रात सोडून त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण बघायचं. हे मी झोपेतही करीन, असं तूच चिडवतेस. पण या वेळी आकडे पटेनात. तळाच्या थरांत कार्बोनेट नसल्यातच जमा हवं, तर तिथेही फसफस. जिथे वाळू जास्त, तिथे कार्बोनेटही जास्त. आणि कार्बनचं प्रमाण सगळ्याच नमुन्यांत एकाच बाजूला ओढलेलं. आधी यंत्रावर संशय घेतला, मग स्वतःवर. आकडा आधीच ठाऊक असलेली पूड घालून पाहिली. यंत्र बरोबर होतं. तुझं होणारं कौतुक मला खुपतंय का, हेही स्वतःला विचारलं. थोडं खुपतं. पण वायूला त्याचं काय?

मग शेवटचे नमुने माझ्या प्रयोगशाळेत घोटून तू इथेच विसरून गेलेला पांढरा खल दिसला. तुमच्या प्रयोगशाळेतला अकीकाचा, वाळूनेही न झिजणाऱ्या दगडाचा खल फुटला तेव्हा सगळे नमुने घोटायला हा बाजारातून आणलास आणि म्हणालीस, दगड तो दगड, ताई, उगाच कीस काढू नकोस. मी त्यात धुतलेली निव्वळ वाळू घोटली आणि अ‍ॅसिड टाकलं. फसफसली. खल संगमरवरी आहे गं. संगमरवर म्हणजे कार्बोनेटच. वाळूने तो खरवडला गेला आणि प्रत्येक नमुन्यात त्याची पूड मिसळत गेली.

थोडं इकडेतिकडे असेल तर सांभाळून घे, असं तू फोनवर म्हणालीस. तुझी नोकरी या प्रबंधावर अडलीय, ठाऊक आहे मला. पण खलाचं किती आणि तळ्याचं किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. न घोटलेला गाळ उरला असेल तर जपून ठेव. शुक्रवारी मी तुझ्या सरांना निकाल पाठवणार आहे, कारणासकट. त्याआधी तू स्वतः त्यांना सांग.

हे फोनवरच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तुझं 'ताई, प्लीज गं' ऐकलं की मी पाघळते, आणि मग काय पाठवलं असतं कोण जाणे. म्हणून लिहिलं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण सरांना भेट.

तुझीच, आजही तुझीच,
ताई