फ्रान्सची पांढरी आणि विट्याची जीभ

८ सप्टेंबर, सोमवार

व्हिनेगर म्हणे! तांदळाच्या डब्यामागे बाटली. लांब मान, गळ्यात सोनेरी कागद — आणि सूनबाई सांगते, "व्हिनेगर आहे आई, लोणच्याला." अगं, लोणच्याच्या व्हिनेगरला कुणी एवढं नटवतं का? ती यामिनीला शाळेतून आणायला गेली तेव्हा बूच काढून वास घेतला. नाकाला सगळं कळलं. ती आल्यावर काही बोलले नाही. लगेच पकडलं तर मजा काय राहिली?

हे सगळं फोनला सांगतेय. यामिनीने शिकवलं — माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, तो लिहितो. मला अक्षर येत नाही, आणि नातीला जपानी येतं पण मराठी वाचता येत नाही. म्हणजे इथे काहीही बोलावं!

तर मनातलं आधी. मी इथे जपानात, ग्योतोकुला, फिरायला आलेली नाही. ते विमानतळावर सांगायला. मी माझ्या लेकाला, पुष्करला, नेत्राला आणि पोरीला परत न्यायला आलेय. पुष्करला तोयोसुच्या ऑफिसने विचारलंय, अजून तीन वर्षं राहता का? ऑक्टोबर संपायच्या आत उत्तर द्यायचंय. हे गेल्यापासून विट्याच्या घरात मी आणि टीव्ही. त्यातला टीव्हीच जास्त बोलतो. नोव्हेंबरात माझा व्हिसा संपेल तेव्हा या सगळ्यांचं सामान बांधलेलं असलं पाहिजे. अजून कुणाला बोलले नाही. तुला सांगितलं.

९ सप्टेंबर

बाटली हलली. आता पिठामागे आहे. बोटभर कमी.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज म्हटलं, "नेत्रा, ते व्हिनेगर आण की जरा, कोशिंबिरीत घालू." पोरगी पांढरीफटक! मग खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. मला वाटलं नव्हतं एवढं होईल.

ती पीत नाही. प्यायची वेळ आलीय, ते निराळं. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात ती काम करते हे मला ठाऊक होतं. मागच्या खोलीत सॅलड डब्यात भरायची. इथे अशा अर्धवेळ कामाला बाइतो म्हणतात. आता वाईनच्या फळीवरची बाई गेली सोडून, आणि तिथल्या मोठ्या बाई आहेत ओकादा-सान, त्यांनी हिला म्हटलं, फ्रान्सच्या पांढऱ्या वाईनची फळी ऑक्टोबर संपेपर्यंत तू सांभाळ. माल खपला तर फळी तुझी. नाही तर परत सॅलड.

सांभाळायची म्हणजे नुसती पुसायची नाही. प्रत्येक बाटलीपुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी लावतात — स्वस्त आहे, आणि चवीला अशी अशी आहे. गिऱ्हाईक ती वाचून बाटली उचलतं. नेत्राने फोनवर शोधून काय काय लिहिलं. ओकादाबाईंनी कागद परत दिला. "हे सगळेच लिहितात. तुम्हाला काय लागतं ते लिहा."

"आणि मला नुसतं आंबट लागतं हो आई!"

"पुष्करला विचार की."

"त्यांना बिअर आणि थंड बिअर, एवढंच कळतं."

मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "पाच वर्षांत पहिल्यांदा मला कुणी काही सांभाळायला दिलंय."

मी तिला पेरू कापून दिला. नुसतं बघत बसण्यापेक्षा बरं.

१४ सप्टेंबर, रविवार

आता हे तुलाच सांगते. पगाराच्या दिवशी आमचे हे कारखान्यातून येताना कागदात गुंडाळून बाटली आणायचे आणि परसात बसून मला चोरून घोटभर द्यायचे. मी "शी!" म्हणायचे. घोट मात्र कधी थुंकला नाही.

तर आज यामिनी खाली खेळायला गेल्यावर म्हटलं, "आण गं ती बाटली."

"आई, पितृपंधरवडा चाललाय."

"मग? तुझे सासरे वरून बघत असतील तर म्हणतील, एकटी काय पितेस?"

स्टीलच्या वाटीत घेतली. पहिला घोट आंबट, खरंच. दुसरा घोट जिभेवर जरा थांबवला. मग कळलं. म्हटलं, "लिही. कैरीची साल दाताने सोलावी तशी. आणि टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बोटांना वास येतो ना? तो."

नेत्रा बघतच राहिली. मग तिने परत घेतली, डोळे मिटून. "अय्या! आहे हो आई! टोमॅटोचं झाड आहे!"

मग तिने कपाटातून आणखी दोन काढल्या. दुसरी बाटली, शाब्ली का काय ती. "नव्या माठातलं पहिलं पाणी," म्हटलं. तिसरी फार महागाची, जड बाटली. ती बड्या घरच्या पाहुणीसारखी — आली, बसली, काही बोललीच नाही. "हिला फळीवर मागे ठेव."

आमच्या तासगावकडे द्राक्षाचे बेदाणे करतात. या फ्रान्सच्या लोकांना दम नाही, आधीच पिळून मोकळे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नेत्राबरोबर दुकानात गेले. दाराशीच ढीग, लाल पाटी, आज स्वस्त! मी म्हटलं, दाराशी मांडतात तो माल त्यांना घालवायचा असतो. विट्याच्या बाजारात मेथी घेते ना मी, माझ्यापाशी नाटक चालायचं नाही. ओकादाबाईंना नेत्राने ते जपानीत सांगितलं. बाई हसल्या — केस आखूड, कमरेत वाकून हसतात — आणि म्हणाल्या, अर्धं बरोबर. काही बाटल्या खरंच पडेल. पण काहींचं नुसतं लेबल बदललंय. नवीन चित्राच्या आल्या म्हणून जुन्या चित्राच्या स्वस्त. आतला माल तोच. फ्रान्सची पांढरी हजार येनच्या आत हवी तर तिथेच हात घालायचा.

म्हणजे मीही अर्धी चुकले. बरं झालं, नाही तर नेत्रा मला देव्हाऱ्यात बसवायची.

घरी येऊन ढिगातली एक चाखत होतो तेवढ्यात पुष्कर लवकर आला. मी वाटी तोंडाला लावलेली.

"आई!!"

"ओरडू नकोस. तुझ्या बायकोचा अभ्यास घेतेय."

"तू... वाईन?"

"म्युस्कादे. खारट समुद्रात उभं राहून लिंबू चोखल्यासारखी. घेतोस?"

बसला बिचारा बॅग मांडीवर घेऊन. मग म्हणाला, "थोडी दे."

२१ सप्टेंबर

पुष्कर गॅलरीत कपडे वाळत घालत होता. आपण होऊन बोलला. "आई, मला वाटतं परतच यावं. तू तिथे एकटी. नेत्राचंही इथे कुणी नाही. तू सांग, तू म्हणशील तसं."

मनातून अशी उडी मारली मी! तोंडाने म्हटलं, "बघू." पोरगा न मागताच देतोय म्हटल्यावर घाई कशाला दाखवा?

२५ सप्टेंबर

नवरात्र. उपास. बाटल्या कपाटात. नेत्रा रोज एकदा दार उघडून बघते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फळी रिकामी! जुन्या चित्राची म्युस्कादे संपली, टोमॅटोच्या झाडाची तर दोनदा मागवली. एक मी भरभरून सांगितली होती, ती मात्र एकाही माणसाने उचलली नाही. थालीपिठाबरोबर छान लागेल म्हटलं होतं, नेत्राने थालीपिठाच्या जागी ओकोनोमियाकी लिहिलं, त्यांचं ते कोबीचं धिरडं. तरी नाही. लोकांना अक्कल नाही.

नेत्राने मला चिठ्ठ्या दाखवायला नेलं. प्रत्येकीच्या कोपऱ्यात चित्र — अंबाडा, डोक्यावर पदर, हातात वाटी. "ओबाआचान म्हणते," असं लिहिलंय म्हणे खाली. म्हणजे आजी म्हणते. एक म्हातारा चष्मा वर करून ती चिठ्ठी वाचत होता. वाचून झाल्यावर मान हलवली आणि बाटली पिशवीत टाकली.

मला तिथून हलवेना. माझं बोलणं कुणी कागदावर घेतलं आणि एका अनोळखी माणसाने ते खरं मानलं! नेत्रा म्हणाली, "आई, पाय दुखतात का?" म्हटलं, "हो."

येताना तीच सांगत होती, ही कालच्यापेक्षा पातळ आहे, तिला मागून बदामासारखं कडू येतं. स्टेशन ते घर, एवढं बोलताना मी तिला लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पंधरा दिवस राहिलेत. आणि मी करतेय काय? यांना न्यायला आले आणि माझ्याच जिभेने यांचं बस्तान इथे पक्कं करतेय.

म्हणून आज केलं. शेवटच्या आठवड्यासाठी एक नवी बाटली आणली होती, मोठी ऑफर, ढीग लावायचाय. चाखली. दोन दिवस ठेवलेला उसाचा रस! गोडसर, मिळमिळीत. आणि मी म्हटलं, "वा! लिही. पिकल्या आंब्याच्या बागेत सकाळी उभं राहावं तशी."

तिने वाटीतली जराशी घेतली. माझ्याकडे पाहिलं. "बरं आई," म्हणाली.

ढीग लागेल, लोक नेतील, तोंड वाकडं करतील, फळी जाईल. मग सगळे घरी. यात वाईट काय आहे?

जेवण गेलं नाही मला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी राहवेना. "नेत्रा, ती आंब्याची चिठ्ठी लावलीस?"

"नाही."

"का गं?"

"वाईट आहे ती, आई. उसाचा रस शिळा झाल्यासारखी." भाजी चिरता चिरता बोलली. "तुम्हालाही कळलं होतं."

मी टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता.

ती येऊन शेजारी बसली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "आई, आम्ही परत यावं असं वाटतं ना तुम्हाला?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. मग उठून तिची राहिलेली भाजी चिरायला घेतली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा झाल्यावर नेत्रानेच पुष्करला सांगितलं. "आपण परत जाऊ. आईंना एकटं नको ठेवायला." पुष्करच्या तोंडावर असा उजेड पडला! यामिनीने जपानीत काहीतरी विचारलं, त्याने तिला उचलून घेतलं. मी शेजारच्या सरिताला विट्याला फोन लावला — वरच्या खोलीला रंग लावायला सांग.

ज्याच्यासाठी आले ते मिळालं. चकली सुद्धा झकास झाली होती.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात खूप खप झाला. ओकादाबाई म्हणाल्या, फळी तुमची. आणि नेत्राने त्यांना सांगितलं, आम्ही जातोय. बाईंनी वाकून नमस्कार केला म्हणे, दोनदा. आता ती एका नव्या पोरीला फळी समजावतेय. हे मी खोदून खोदून काढलं. आपण होऊन काही सांगत नाही. "हो आई." "नाही आई." "चहा ठेवू आई?" लग्न होऊन आली होती तेव्हा अशीच बोलायची.

मी म्हटलं, "आपल्याकडेही वाईनची दुकानं असतील की."

"असतील आई."

२६ ऑक्टोबर

आज तिने नवीन बाटली आणली नाही. मी वाटी धुऊन पालथी घातली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पुष्करला सांगितलं — कर सही, तीन वर्षांची. माझी कटकट नको वाढवू. विट्याला मला सकाळी भजन असतं, दुपारी झोप, संध्याकाळी सरिताबरोबर फिरणं. तुम्ही तिघं आलात की परत मी चुलीपुढे! आता कुठे सुटलेय, मला सुखाने एकटी राहू दे.

त्याला पटलं. बापावर गेलाय, काहीही पटतं.

नेत्राला म्हटलं, उद्या ओकादाबाईंना सांग, फळी सोडत नाही. तिला मात्र माझं कारण पटलं नाही. माझा हात धरून बसली. सोडेचना. शेवटी मीच म्हटलं, सोड गं बाई, भात लागतोय खाली.