अकरावं अंडं

प्रिय ठकूबाई,

तुझं पत्र पोचलं. तू फोन न करता पत्र का लिहिलंस, ते वाचल्यावर लगेच कळलं. आपल्याकडे फोन वाजला की तुझे बाबा तो स्पीकरवर टाकतात, आणि मग माझ्या वाट्याला फक्त 'बरं, ठेवते' एवढंच येतं. म्हणून मीही पत्रच लिहितेय. मागच्या अंगणात स्टूल टाकून बसलेय, आणि कोंबडीचं एक आगाऊ पोर माझ्या चपलेचा अंगठा टोचतंय. आधी कामाचं सांगते. मी येतेय. पंचवीस तारखेला निघते, तुझा नववा लागेल तोवर पोचलेली असेन, आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत हलणार नाही. त्याची काळजी सोड. राहिली तुझी अट. 'तू एकटीच ये, बाबांना आणू नकोस, बाळ आणि बाबा दोघांना सांभाळायची ताकद माझ्यात नाही.' ते वाचून मला राग आला नाही गं. वाईट वाटलं, पण राग नाही.

मागच्या वर्षीचे ते आठ दिवस मीही विसरलेले नाही. पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी तुझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. जावईबापूंना फरशी पुसायची 'योग्य दिशा' दाखवली. तुझ्या घरातल्या प्रत्येक दाराचा स्क्रू आवळला, आणि तू कांदा चिरत होतीस तेव्हा मागे उभं राहून सुरी कशी धरायची ते सांगितलं. तू तोंड धुवायला म्हणून गेलीस आणि जिन्यात बसून रडलीस. मी पाहिलं होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने दुकानात बसून लोकांच्या चष्म्यांच्या काड्या सरळ केल्या, त्याला जगात सगळंच थोडंसं वाकडं दिसतं. हे त्यांचं समर्थन नाही हं. मी स्वतः त्या काडीच्या जागी पस्तीस वर्षं आहे.

पण इथे गेल्या तीन महिन्यांत जे झालं ते तुला सांगायलाच हवं. आपली ती ठिपक्यांची कोंबडी आठवते ना, जिला आपण मोठ्या बाई म्हणतो? ती खुडूक झाली, अंडी उबवायला बसायची हुक्की आली. अंडी घालणं बंद, दाणापाणी नावाला, दिवसभर टोपलीत पसरून बसायची आणि कोणी जवळ गेलं की अंग फुलवून गुरगुरायची. ह्यांचं निदान झालं की ती आजारी आहे. दिवसातून सहा वेळा तिला उचलून अंगणात सोडायचे आणि वर दोन शब्द सुनवायचे. ह्यांची पाठ वळली की बाई परत टोपलीत. मग आपल्या शिवणवाल्या मावशींनी सांगितलं, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन दिवस ठेवा, पोटाला गार वारा लागला की खुडूकपणा उतरतो. ह्यांनी दुकानातला चष्मे मांडायचा तारेचा स्टँड मोडून त्याचा पिंजरा केला. तीन दिवसांनी दार उघडलं तर मोठ्या बाई तडक टोपलीकडे चालत्या झाल्या. ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, आता पुरे, बसायचंच आहे तर तिला कामाला बसवू. आपलीच अकरा ताजी अंडी तिच्याखाली ठेवली.

तुला माहीत नसेल, पण बसलेल्या कोंबडीच्या टोपलीत बाकीच्या कोंबड्याही चोरून अंडी घालून जातात. म्हणून मी अकराच्या अकरा अंड्यांवर पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. रोज संध्याकाळी बाई पाणी प्यायला उठली की बिनफुलीचं अंडं दिसेल ते काढून घ्यायचं, एवढंच काम. चौथ्या दिवशी मला माझ्या बहिणीकडे जावं लागलं. ह्यांना दाणा सांगितला, पाणी सांगितलं, मुंगूस सांगितलं, आणि फुल्यांचं सांगायची विसरले. चार दिवसांनी परत येऊन बघते तर टोपलीत पंधरा अंडी, एकावर फुली नाही, सगळी नुसती चकचकीत. ह्यांनी कौतुकाने सांगितलं, 'अगं, किती डाग होते त्यांच्यावर! एकेक पुसून काढलं.' चष्मा पुसायच्या कापडाने!

मी डोक्याला हात लावला. पण खरं सांगू, मला हसूही येत होतं. ह्यांना आलं नाही. चूक कळल्यावर चेहरा उतरला, आणि जरा वेळाने कपाटातली डोळे तपासायची बॅटरी घेऊन आले. न्हाणीघरात अंधार करून एकेक अंडं उजेडावर धरलं, पेशंटचा डोळा तपासावा तसं. आठ दिवसांच्या अंड्यात बारीक तांबड्या शिरा दिसतात आणि मध्ये एक हलणारा ठिपका. मलाही दाखवला. ठकू, आम्ही दोघं त्या ओल्या फरशीवर उकिडवे बसून किती वेळ तो ठिपका बघत होतो! चार अंडी अगदी रिकामी निघाली, ती बाजूला काढली. उरली बरोबर अकरा. हिशोब जुळला म्हणून हे खूश, मीही खूश. त्यातलं एक जरा मागे आहे असं ह्यांना वाटलं होतं, पण 'मागे असलं तरी आपलंच आहे' म्हणून ठेवलं. आमच्या अकरातलं एक मुळातच रिकामं असू शकतं आणि हे मागाहून आलेलं पाहुणं असू शकतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं बाहेर आली. एका दिवसात अंगणाचा बाजार झाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई पिल्लांना घेऊन उठल्या त्या उठल्याच, त्यांना दाणा कसा उकरायचा ते शिकवायचं होतं. अकरावं अंडं टोपलीत तसंच राहिलं. मी ते टाकायला उचललं, तर हे माझ्या हातातून घेऊन परत न्हाणीघरात. बाहेर येऊन म्हणाले, 'जिवंत आहे गं. चार-पाच दिवस मागे आहे. चूक माझी, तिने का बसून राहावं?' आणि स्वतःच बसले. टेबललॅम्प, गरम पाण्याची पिशवी, लोकरीची टोपी, शेजारी वाटीत पाणी. दिवसातून तीनदा अंडं फिरवायचं. जेवायला उठेनात, पेपर वाचेनात, मी खोलीत केर काढायला गेले तर खेकसले. मी मावशींना सांगितलं, आमच्याकडे आणखी एक खुडूक झालंय. त्या हसून हसून मशीनवरून उठल्या.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच एवढं पाल्हाळ लावलं. पाचव्या दिवशी सकाळी अंड्याला चीर गेली आणि आतून बारीक आवाज यायला लागला. मावशींनी बजावलं होतं, काही झालं तरी कवच सोलायला जाऊ नका, आतल्या शिरा सुकलेल्या नसतात, मदत केलीत तर रक्त जाऊन मरेल, त्याचं त्यालाच येऊ द्या. तुझ्या बाबांना हे सांगणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पिल्लू दोन टोचे मारायचं आणि तासभर गप्प पडायचं. हे खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने खिशातला बारका स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. 'हा तुझ्याकडे ठेव.' मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. दिवसभर. दुपारी मी चहाचा कप धरला तेव्हाही हात काढले नाहीत, मी पाजला. एक शब्द बोलले नाहीत, सूचना नाही, सल्ला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसलं नाही. दिवेलागणीला ते पिल्लू लोळत बाहेर आलं, ओलं, अगदी कुरूप. तेव्हा म्हणाले, 'ठकीच्या वेळी मी काय करत होतो आठवतंय? दवाखान्याच्या बाकावर बसून नर्सबाईंच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होतो. ती आली तेव्हा मी खाली मान घालून स्क्रू शोधत होतो.' मी आत जाऊन कुकर लावला.

पुढचं थोडक्यात. मोठ्या बाईंनी त्या शेंडेफळाला पहिल्या दिवशी पंखाखाली घेतलं नाही, टोचून बाहेर काढलं. ह्यांनी जाळीचा आडोसा करून त्याला आठवडाभर त्यांच्या शेजारीच वाढवलं, मग हळूच आत सोडलं, आणि निभावलं. बाईंनी कसं वागायला हवं होतं, यावर ह्यांनी एकदाही भाषण दिलं नाही. आता सगळी दोन महिन्यांची धटिंगण झालीत, कुंपणाच्या भिंतीवर चढतात. आईने तर त्यांना कधीच हाकललंय आणि पुन्हा अंडी घालायला लागलीय. शेंडेफळ कोणतं ते मला आता ओळखूसुद्धा येत नाही. ह्यांना येतं.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. तुझं पत्र आलं तेव्हा माझा चष्मा नव्या काचांसाठी गेलेला होता. चष्मेवाल्याची बायको, दुसरं काय! म्हणून तुझं पत्र ह्यांनीच मला मोठ्याने वाचून दाखवलं. छान वाचलं, कुठे अडखळले नाहीत. चष्मा आल्यावर मी स्वतः वाचलं, तेव्हा तुझ्या अटीच्या त्या दोन ओळी मला पहिल्यांदा दिसल्या. त्या त्यांनी गाळल्या होत्या. पत्र वाचून झालं त्याच संध्याकाळी मात्र मला म्हणाले होते, 'मला काही यायला जमणार नाही, तू एकटी जा. पिल्लं लहान आहेत, कोण बघणार? ठकीला तसं लिही, म्हणजे तिला वाईट वाटायला नको.' ठकू, पिल्लं लहान नाहीत. खुराडं उघडायला आणि लावायला मावशी एका पायावर तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. तू एकटी ये म्हणालीस तर मी एकटी येईन, त्यात बदल नाही, बाळंतपण तुझं आहे. पण काल मी बॅग भरायला घेतली. पाणी प्यायला उठून परत आले, तर बॅगेजवळ पलंगावर त्यांचे दोन शर्ट होते, इस्त्री करून घडी घातलेले. बॅगेत नाही, बॅगेशेजारी. ते आत ठेवू की परत कपाटात, एवढंच मला कळव.

वाट बघतेय,
तुझीच,
आई