पाचवं बदाम

सोमवार, ३ तारीख
लेकीची पोहण्याची शर्यत १६ तारखेला, रविवारी दुपारी चारला. येतो म्हणून वचन दिलं. मागच्या वर्षीही दिलं होतं, पण ती गोष्ट वेगळी. आमची ही म्हणाली, नाही आलात तरी चालेल, पण येतो म्हणू नका. मी दोनदा म्हणालो, येतो.
त्या दिवशी मला ऑफ आहे. धोका फक्त पंपहाऊसमधल्या पोकरचा. आम्ही ड्युटीचे तास लावतो: एक वॉशर म्हणजे एक तास. हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या जागी ड्युटीला उभं राहायचं. पैसे नाहीत, म्हणजे जुगार नाही. त्यात हे लिमिट पोकर. एका वेळी ठरल्यापेक्षा जास्त लावताच येत नाही. माणूस बुडणार कसा?
निश्चय: १६ तारखेपर्यंत पत्त्यांना हात लावणार नाही.

मंगळवार, ४ तारीख
लावला. फोरमनकाका एकटेच पत्ते पिसत बसले होते, बघवेना.
माझ्या हातात दोन बदाम, टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पानांत उघडी दोन. पाचवं आलं की एका रंगाची पाच, फ्लश! दर फेरीला वॉशर टाकत वाट बघितली. आलं नाही. पाच तास गेले.

गुरुवार, ६ तारीख
मोबाइलवर एका तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. अर्धवट डाव घेऊन एकट्यासमोर थांबू नये. समोर चार-पाच जण असतील तर खुशाल थांबावं. डाव क्वचित लागतो, पण लागला की सगळ्यांकडून वसूल होतं. म्हणजे माझ्या खेळात खोट नव्हती, माणसं कमी होती! पुढचा व्हिडिओ पाहिला नाही. मुद्दा कळला होता.

शुक्रवार, ७ तारीख
माणसं जमवली. मेकॅनिक तयारच होता. वायरमनला शिकवावं लागलं. पाण्यात क्लोरीन सोडणारा पोरगेला ऑपरेटर (आम्ही त्याला क्लोरीनच म्हणतो) नको नको म्हणत होता. बायकोचे दिवस भरत आलेत, शिफ्ट संपली की घरी जातो म्हणाला. दोनच डाव म्हणून बसवला. जरा वाईट वाटलं. पत्ते वाटल्यावर नाही वाटलं.

रविवार, ९ तारीख
समोर चौघं. तज्ज्ञाच्या सांगण्याबरहुकूम थांबलो आणि पाचवं बदाम आलं! टेबलावर तीन, माझ्याकडे दोन, त्यात मोठी नव्वी. वॉशरचा ढीग ओढायला हात पुढे केला. क्लोरीनने विचारलं, दादा, माझीपण बदामंच आहेत, चालतात का? त्याच्याकडे राजा होता.
घरी येऊन राहिलेला व्हिडिओ पाहिला. माणसं वाढली की आपल्यापेक्षा मोठा रंग कोणाकडे तरी असू शकतो, लहान पानांवर जीव टाकू नये, असं तज्ज्ञ शेवटी सांगतो. आधी सांगायला काय झालं होतं?

बुधवार, १२ तारीख
लेकीने पलंगावरून उडी मारून दाखवली. बाबा, तुम्ही कुठे बसणार? पहिल्या रांगेत, म्हणालो. मग तिने बजावलं, टॉवेल तुम्हीच धरायचा. आईने नाही.
अकरा तास मागे आहे, हे दोघींनाही माहीत नाही. भूक नव्हती, तरी जेवताना दोनदा वाढून घेतलं, संशय नको म्हणून.

शुक्रवार, १४ तारीख
निश्चय: फक्त मोठी पानं. आणि काय आलं? बदामाचा एक्का आणि बदामाची तिर्री! पाचही जण डावात. टेबलावर पहिल्या फटक्यात दोन बदाम. ह्याहून चांगली संधी आयुष्यात येत नाही. पुढचं पान काळं. शेवटचं पान काळं. गणित बरोबर होतं, पत्ते चुकले.
क्लोरीन दोन अठ्ठ्यांवर जिंकला. त्याची रविवारची दोन ते दहाची ड्युटी माझ्या गळ्यात. तो म्हणाला, दादा, रविवारी तुमचं काही असेल तर राहू दे, मी येतो. मी म्हणालो, छे रे, माझं काय असणार?
असं का म्हणालो? चारचौघांत मान राहावा म्हणून. लाज वाटते.

शनिवार, १५ तारीख
हिला खरं सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ओटा पुसून परत आलो. लेकीला सांगितलं, मोठा पंप बिघडलाय, मी गेलो नाही तर गावाला पाणी नाही. तिने विचारलं, तलावात तरी असेल ना? असेल, म्हणालो. ती म्हणाली, मग ठीक आहे. ती रडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १६ तारीख, दुपारी ४
पंप उत्तम चाललाय. पोहण्याच्या तलावाची लाइन इथूनच जाते. प्रेशर थोडं वाढवलं. बाप म्हणून तेवढंच.

संध्याकाळी ७
हिने फोटो पाठवला. लेक तिसरी आली! गळ्यात पदक, ओले केस, हसतेय. शेजारी टॉवेल धरून क्लोरीन, त्याच्यामागे त्याची बायको पोटावर हात ठेवून उभी. सुट्टी मिळाली म्हणून तिला फिरवायला तिकडे घेऊन गेला होता म्हणे. मागे लेक मला डबा द्यायला पंपहाऊसवर आली होती, तेव्हापासून ती त्याला ओळखते. तिनेच टॉवेल त्याच्या हातात दिला.
फोटोखाली हिची एकच ओळ: झाला का पंप दुरुस्त?
मग लिहिलं, झाला, उद्या नक्की सगळं सांगतो, दहाला सुटलो की येतो.
'येतो' खोडलं.