तीन नंबरचा इंजेक्टर

६ फेब्रुवारी

चि. पान्या यास ताईचे अनेक आशीर्वाद. मी आणि आई ठीक आहोत. तुम्ही नवरा-बायकोही ठीक असाल असं धरून चालते, कारण तू स्वतःहून काही कळवशील ही आशा मी केव्हाच सोडली आहे.

बाबांची गाडी त्रास देतेय. सकाळी चालू केली की पाच मिनिटं थरथरते, मागून पांढरा धूर, आणि खडखडाट असा की शेजारीण खिडकी लावून घेते. परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते, तर पुलाच्या चढावर इंजिन बंद पडलं. मागे बस होती. बसवाल्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं. आई पर्स छातीशी धरून बसून राहिली.

गॅरेजवाला म्हणतो, इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर गेलेत, नवे टाका. मला पटत नाही. बाबांनी जायच्या आधीच्या वर्षीच चारही नवे बसवले होते, स्वतः बेंचवर तपासून. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते. एवढ्यात कसे जातील? म्हणून वाटतं, मीच काढावेत, साफ करावेत आणि परत बसवावेत. बाबांची हत्यारं घरात आहेत, आणि लहानपणी तुझ्याइतकेच पाने मीही त्यांच्या हातात दिलेत, ‘पान्या’ हे नाव फक्त तुला पडलं. रोज दहा घरी जाऊन सुया टोचणाऱ्या नर्सचे हात काही कापायचे नाहीत. पण आईला त्या गाडीत बसवायची आता भीती वाटते. तू या धंद्यातला. करू की नको, खरं सांग.

उत्तर आणि लोभ, दोन्ही वेळेवर येऊ देत.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग घाम फुटला.

अजिबात करू नकोस. त्या नळ्यांमध्ये डिझेलचा दाब इतका असतो की बारीक फवारा उडाला तर कातडीतून आत शिरतो. पुढे काय होतं ते नर्सला मी सांगायला नको. इंजेक्टर जागच्या जागी चिकटून बसलेले असतात, ओढताना एक मोडला तर इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागतं. धुळीचा कण आत गेला तरी खेळ खलास. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून करायचं हे काम नव्हे. टाकीत साफ करायचं औषध ओत, बाकी मी एप्रिलमध्ये आलो की बघतो. तोवर इंजिनावरचं झाकणसुद्धा काढू नकोस.

आणि खरं सांगू का, ती गाडी आता काढून टाक. बाबांची म्हणून किती दिवस सांभाळणार? गॅरेजवाल्याचं ऐकू नकोस, माझं ऐक. आईला नमस्कार सांग. तुझ्या मायेचा हक्कदार आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा पान्या

१९ फेब्रुवारी

चि. पान्या यास आशीर्वाद. तुझं अर्धं ऐकलं. इंजेक्टर काढले नाहीत. झाकण मात्र काढलं.

बाबा करायचे ती बाटल्यांची चाचणी मला तोंडपाठ आहे. इंजेक्टरमधून जास्तीचं डिझेल टाकीकडे परत जातं, त्या परतीच्या नळ्यांना दाब नसतो. माझ्याकडे सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणि नळ्या ढिगाने. चार लावल्या, इंजिन चालू ठेवलं आणि घड्याळ लावून बसले. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल जमलं, तीन नंबरची मात्र गळ्यापर्यंत भरली. ज्यातून जास्त परत येतं तो गळका, म्हणजे एकच खराब. मला इतका आनंद झाला की आईला बाहेर बोलावून दाखवलं.

तसाच नवा मागवावा म्हणून बाबांची वही काढली. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला नंबर त्यांनी बसवतानाच उतरवून ठेवला होता, कारण नवा बसवला की तो गाडीच्या कम्प्युटरला भरावा लागतो. इंजेक्टरांवरचे नंबर पुसून, चष्मा लावून वाचले. चारांतला एकही नंबर वहीशी जुळत नाही. आईला वहीतले मोठ्याने वाचायला लावले. तरी नाही.

बाबांनंतर इंजिनाला हात फक्त तूच लावलास. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सर्व्हिसिंग करतो म्हणून दिवसभर गाडीपाशी होतास, आणि आम्हा दोघींना मावशीकडे पाठवलं होतंस. मी वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले होते की भाऊ असावा तर असा.

बाबांची लिहिताना चूक झाली असेल, असं तू लिही. मी मान्य करीन. बाबांची अशी चूक कधी झाली नाही हे ठाऊक असूनही करीन.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार. लिहायला आठ दिवस लागले.

बाबांची चूक नाही. त्यांचे चारही इंजेक्टर माझ्या गाडीत आहेत. माझीही त्याच मॉडेलची गाडी, आणि ती तेव्हा धापा टाकत होती. तुझी गाडी गावातल्या गावात फिरते, मला लांबलांब जावं लागतं. वाटलं, महिनाभर माझे तुझ्याकडे राहतील, मग नवे आणून गुपचूप बदलीन. महिन्याचे तीन झाले. तीन नंबरचा खराब आहे हे मला बसवतानाच ठाऊक होतं. पुलावरचं वाचलं तेव्हा पत्र खाली ठेवून बाहेर निघून गेलो.

एक मात्र बोलतो. बाबांनी गाडी तुला दिली, वही तुला, हत्यारंही तुलाच. त्यांचा धंदा मी चालवतो, आणि मला त्यांच्या हातचं काही असावं असं कुणाला वाटलं नाही. हे कारण नव्हे, पण मनात होतं.

चारही उतरवून पाठवतोय. चूक पदरात घे, एवढंच मागणं.

पान्या

९ मार्च

चि. पान्या,

पार्सल मिळालं. नंबर जुळले. परवा मीच बसवले, गॅरेजवाला शेजारी उभा होता आणि त्याने शेवटी कम्प्युटरचं काम केलं. जुने काढताना तू लिहिलेलं सगळं पाळलं. दाब आधी उतरू दिला, नळ्यांची तोंडं झाकली, खालचे तांब्याचे वॉशर नवे घातले. तू सांगितलेला एकही धोका खोटा नव्हता. त्याचंच मला जास्त लागलं. खऱ्या गोष्टी सांगून तू मला त्या झाकणापासून लांब ठेवत होतास.

मागितले असतेस तर मी दिले असते. मी देणार नाही असं तुला वाटलं, यातच सगळं आलं. बाबांनी तुला काही दिलं नाही याचा राग मला कळतो, तो खरा आहे. पण आई त्या गाडीत बसते हे तुला माहीत होतं, तरी तू खराब इंजेक्टर घट्ट आवळून आमच्याबरोबर जेवायला बसलास. मला फसवल्यासारखं वाटतं आणि ते जात नाही.

आईला काही बोलले नाही. नंबर जुळले नाहीत हे ती विसरली, की विसरल्यासारखं करते, देव जाणे. शेजारणीला मात्र सांगत असते की मुलगा एवढ्या लांबून येऊन दिवसभर गाडीखाली झोपला होता.

एप्रिलमध्ये ये. आठ दिवस राहा. आई म्हणेलच की एकदा पान्याला गाडी दाखव. मी बॉनेट उघडून देईन. पाच मिनिटं वाकून उभा राहा, कशालाही हात लावू नकोस, आणि मग आईला सांग की गाडी ठणठणीत आहे. या वेळी तेवढं खरं असेल.

ताई