कारभारी नेमका कोणाचा?

भिंगार, रविवार दुपार

आदरणीय कृपाआत्यास एलियाचा नम्र सलाम.

गुडघे आता पुणतांब्याच्या घाटाच्या पायऱ्या उतरू देतात का? इकडे आम्ही प्रभुकृपेने खुशाल आहोत (मी सोडून).

कारण, आमच्या मागच्या चाळीतला अँड्र्यू. सुगीच्या सणाला कोणीतरी चर्चला शेळी अर्पण केली आणि पाळकसाहेबांनी त्याच दिवशी 'कारभारीपण' या शब्दावर उपदेश केला. वस्तू मालकाची, मालक देव. आपण ती फक्त जीव लावून सांभाळायची आणि तिचं काही बिघडलं तर जाब आपण द्यायचा, असा अर्थ निघाला. (मी आजवर समजत होतो, कारभारी म्हणजे हुकूम सोडणारा.) तरी मी पहिल्या बाकावर ताठ बसलो, कारण चर्चला लागून घर माझंच. शेळी सांभाळायला नेमलं कोणाला? अँड्र्यूला!

तेव्हापासून सगळी आळी त्याला कारभारी म्हणते. म्हणेना का! पण आमची आराधनासुद्धा रोज ओट्यावरून हाक मारते, "अहो कारभारी, चहा झालाय!" आत्या, आपल्याकडे बाई कारभारी कोणाला म्हणते, हे तुम्हाला मी काय सांगावं? पहिल्या दिवशी मी हौसेने बाहेर आलो, तर कप त्याच्या हातात.

मागच्या आठवड्यात तो राहुरीला लग्नाला गेला. मी शेळी मागून घेतली आणि लोकांनी बघावं म्हणून गळ्यात झेंडूची माळ घालून बाजारातून फिरवली. एका बुलेटचा फटाका वाजला, हातातला दोर सुटला आणि शेळी थेट कॅम्पातल्या एका साहेबांच्या बागेत. पहारेकऱ्याने विचारलं, "बकरी किसकी है?" उपदेश डोक्यात ताजा होता. मी म्हणालो, "देवाची." त्याने मलाही शेळीशेजारी बसवून ठेवलं.

निरोप मिळाल्यावर अँड्र्यू भरलं ताट सोडून आला. साहेबांना म्हणाला, "चूक माझी. सांभाळायची जबाबदारी माझ्यावर होती. झाडं मी लावून देतो." माझं नावसुद्धा घेतलं नाही! वर वाटेत विचारतो, "दादा, तुम्ही काही खाल्लं का?" असल्या माणसावर धड चिडताही येत नाही. (मी चिडलो, पण मजा आली नाही.)

काल त्याच्याबरोबर खड्डे खणायला मीही गेलो. साहेबांनी विचारलं, "तुमच्यातला कारभारी कोण?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

आपला,
एलिया

ता. क. अँड्र्यू तिशी उलटून गेला तरी एकटाच आहे. तिकडे एखादी चांगली मुलगी असेल तर बघा. त्याला घरजावई करून घेणार असतील, तर फारच उत्तम.

ता. क. दुसरा. पत्र आत्ताच आराधनाला वाचून दाखवलं. म्हणाली, "हाक रोज तुमालाच असती. तुमची मान मोबाईलमधून वर होईस्तोवर चहा निवतो, म्हणून भावजींना देते." आत्या, मला दोन वेळा विचारावं लागलं (पहिल्यांदा मान मोबाईलमध्येच होती). तरी मुलगी बघाच.