काउंटरमागची खुर्ची

ता. ३ जून
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आमदार निवासातली खोली बरी आहे. खिडकी उघडत नाही आणि नळ बंद होत नाही, एवढंच. सभागृहाच्या दारावरच्या शिपायाने पहिल्या दिवशी मला अडवून विचारलं, की आपण कोणत्या आमदारांच्या कन्या. मीच आमदार म्हटल्यावर बिचारा असा ओशाळला, की आता लांबूनच सलाम ठोकतो.

माझं पहिलं विधेयक गुरुवारी मताला येतंय. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला खुर्ची मिळाली पाहिजे, आणि गिऱ्हाईक नसताना बसायची मुभा. पक्षातले बुजुर्ग हसले. हसू देत! तीस वर्षं कापडाच्या दुकानात उभं राहून तुझ्या पायांचं काय झालंय ते मी बघितलंय.

निवडणुकीत घरोघर फिरले तशीच इथे आमदारांची दारं ठोठावतेय. वहीत नाव, पुढे ‘होय’, ‘नाही’ नाहीतर ‘बघू’. बघूवालेच फार.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी भिंगरी

ता. ६ जून
चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

माझ्या पायांची गोष्ट भर सभागृहात काढू नकोस हो, शरम वाटते. मालक माणूस वाईट नाही, पण बसलेली बाई आळशी दिसते असं त्यांचं ठाम मत. तुझं विधेयक कळल्यापासून माझ्याशी मोजकंच बोलतात. दुकानातल्या दोघी पोरी मात्र रोज विचारतात, खुर्ची कधी येणार म्हणून. मला स्वतःहून मागायची हिंमत कधी झाली नाही. आता लेक मागतेय याचं बरंही वाटतं आणि भीतीही.

होयवाल्यांवर जास्त लक्ष ठेव. घेते म्हणून कापड फाडायला लावून चालत्या होणाऱ्या बायका मी रोज बघते. आणि वेळेवर जेव.

तुझी काळजी करणारी,
आई

ता. १० जून
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

विधेयक पडलं. माझ्यामुळेच पडलं.

मतदानाची घंटा वाजते, ती थांबली की दारं बंद. मग कुणालाही आत सोडत नाहीत. घंटा वाजली तेव्हा माझे एक होयवाले, म्हातारे डॉक्टर, कँटीनमध्ये चहात बिस्कीट बुडवत बसलेले. शेवटचं घर सोडायचं नाही ही माझी सवय तुला ठाऊक आहे. धावले, त्यांना दंडाला धरून आणलं, आत ढकललं. वळून बघते तर जिन्यात एक बघूवाले, आपल्या शेजारच्याच मतदारसंघाचे. त्यांच्याकडे धावले. ते काही हलले नाहीत, आणि मी परतते तो दार बंद! आत मतं समसमान. बरोबरी झाली की अध्यक्ष मत देतात, त्यांनी ‘नाही’ दिलं. एकच मत कमी होतं, माझं.

सहा महिन्यांनी पुन्हा मांडता येईल. पण त्या दोघी पोरींना तू काय सांगशील? रडून रडून माझे डोळे सुजलेत.

लोभ असू दे, निदान पुढचे सहा महिने.
तुझी भिंगरी

ता. २१ जून
चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग हसू आवरेना. शाळेत जाताना सगळ्या मैत्रिणींना हाका मारत फिरायचीस आणि उशीर तुझ्याच नावावर मांडला जायचा.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, की आमदारबाई दाराबाहेरच राहिल्या. पोरी मान खाली घालून उभ्या. माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे! म्हटलं, कायद्याचं माझी लेक बघेल, मी माझ्यापुरती खुर्ची मागते, पाय दुखतात. ते म्हणाले, इतकी वर्षं कधी बोलला नाहीत. मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलंत? दुपारी गोदामातून तीन स्टुलं आली. बसले बाई एकदाची! एक गिऱ्हाईक बाई आली तशी सवयीने उठले, तर तीच म्हणाली, बसूनच दाखवा.

पण शेजारच्या दुकानातल्या मुली काचेतून बघत होत्या. त्यांचा मालक मागून देणारा नाही, तिथे कायदाच हवा. म्हणून रविवारी मी आणि दोघी पोरी गल्लीतल्या साऱ्या दुकानांतल्या बायकांच्या घरी फिरलो. कायद्याच्या मागणीवर त्यांच्या सह्या घेतल्या, त्या सोबत आहेत. आणि तुझे ते जिन्यातले आमदार, त्यांची बायको आमचं जुनं गिऱ्हाईक. पडद्याचं कापड निवडायला दीड तास लावते. परवा आली तेव्हा बसल्या बसल्या तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना मताला आणायचं माझ्याकडे लागलं.

सहा महिन्यांनी आम्ही सगळ्या तिकडे येतोय. बाहेरच्यांना आत ढकलायचं आमच्यावर सोड. तू घंटा वाजायच्या आधी आत जाऊन बस.

माझा लोभ आहेच, तो काही मताला टाकायचा नाही.
तुझी आई